साखरेची पेटी म्हणून घेतली, निघाली बाटल्यांची

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या राली शहराजवळच्या एका जुन्या घरातलं सामान विकायला काढलं होतं, तिथे ही पेटी दिसली. काळ्या अक्रोडाची, चार बारीक पायांच्या घोडीवर बसवलेली, वर झाकण आणि कुलूप. विक्रेत्याने ‘शुगर चेस्ट’ अशी चिठ्ठी लावली होती. साखर महाग होती तेव्हा केंटकी-टेनेसीकडे ती अशा पेट्यांत कुलपाआड ठेवत, एवढं मला माहीत होतं. घेतली.

घरी टॉर्च मारून आत पाहिलं तर चारही बाजूंना उभ्या खाचा, सारख्या अंतरावर. मोजलं, बारा खण होतात. साखरेला बारा खण कशाला? हा तर ‘सेलरेट’, दारूच्या चौकोनी बाटल्या उभ्या ठेवायचा. नॉर्थ कॅरोलायना-व्हर्जिनियाकडे अठराव्या शतकाच्या शेवटी आणि पुढेही असे बनत. मधल्या फळ्या कुणीतरी काढून टाकल्या होत्या.

खात्री करायला विन्स्टन-सेलममधल्या मेस्डा संग्रहालयात गेलो. अमेरिकेच्या दक्षिणेतलं जुनं फर्निचर बघायचं तर तिथेच. तिथल्या पेट्या बघून आल्यावर घरी आमची पालथी घातली. तळाला पिवळा पाइन, म्हणजे बहुधा दक्षिणेतलंच काम. करवतीच्या खुणा सरळ, गोल नाहीत. गोल करवत आली ती नंतर. डव्हटेल सांधे, म्हणजे पक्ष्याच्या शेपटीसारख्या दात्यांचे, हाताने कापलेले, एकसारखा एकही नाही. आणि ते कुलूप! चोरांपेक्षा घरात राबणाऱ्या गुलामांवरच्या अविश्वासाने लावलेलं. त्या काळातल्या दक्षिणेतल्या श्रीमंत घरातली वस्तू, एवढं लक्षात ठेवूनच तिच्याकडे बघावं लागतं.

दुरुस्तीत मी पहिल्याच दिवशी माती खाणार होतो. सैल सांध्यात पांढरा गोंद भरायला निघालो, ओळखीच्या सुतारकाम शिक्षकांनी थांबवलं. तो गोंद पुन्हा नीट सुटत नाही. जुना सरस गरम पाण्याने सुटतो. सरसच घेतला, पाण्यावर तापवला. वास मात्र असा की बायकोने दोन दिवस गॅरेजचं दार उघडलं नाही.

पॉलिश खरवडायचं नव्हतंच, पण आहे कसलं ते बघायला मागच्या कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा लावला. चिकट झालं, म्हणजे शेलॅक. आपली लाखच, पळस-कुसुमावरच्या किड्यांची. गंमत म्हणजे ती दारूनेच विरघळते. झाकणाच्या आतल्या बाजूला गोल-चौकोनी डाग का आहेत ते तेव्हा कळलं.

फळ्या जुन्या पाइनच्या नव्याने बसवल्या. त्यांच्या खालच्या कडेला पेन्सिलने साल लिहिलं, उद्या कुणी त्या मूळच्या म्हणून विकायला नकोत. आजच्या उंच बाटल्या ठेवल्या की झाकण काही लागत नाही.