उंचीने कमी भरलेले सरदार

रविवार, १५ जून

गावाबाहेरच्या मैदानावर इथले इंग्रज लोक रविवारी मोटारीची डिकी उघडून घरातली अडगळ विकायला बसतात. आज सकाळी तिथून प्लॅस्टिकच्या खेळण्यातल्या मध्ययुगीन चिलखतधारी सरदारांची एक पिशवी दोन पौंडांना मिळाली. विकणाऱ्या बाईंनी प्रामाणिकपणे सांगितले की हा अस्सल माल नाही, हाँगकाँगच्या नकला आहेत. मला नकलाच हव्या होत्या, पण हे त्यांना पटवत बसण्यात अर्थ नव्हता.

संध्याकाळी सगळे सरदार साबणाच्या पाण्यात धुऊन टेबलावर मांडले. बहुतेकांचे मूळ एकच आहे, ते म्हणजे ब्रिटन्स या इंग्रजी खेळण्यांच्या कंपनीचे ‘स्वॉपेट’ सरदार. १९५० च्या दशकाच्या अखेरीस रॉय सेल्विन-स्मिथ या शिल्पकाराने ते घडवले आणि त्यासाठी विषय निवडला तो यॉर्क आणि लँकेस्टर या घराण्यांमधील १४५५ ते १४८५ या काळातील ‘गुलाबांच्या युद्धां’चा. त्या खेळण्याची खुबी अशी की डोके, धड आणि पाय वेगवेगळे ओतलेले असून खुंटीने एकमेकांत बसत, त्यामुळे एकाचे डोके दुसऱ्याच्या धडावर चढवता येई. शिवाय तलवार म्यानातून खरोखरच बाहेर निघे. साडेपाच सेंटिमीटरांच्या आसपासच्या पुतळ्यात इतके बारकावे बसवणे हे कसबी माणसाचे काम होते आणि त्याची चोरी झाली, याबद्दल माझ्या मनात संदिग्धता नाही.

तरीही मला या चोरीच्या मालात अधिक रस वाटतो, कारण नकलेच्या अंगावर तिच्या निर्मितीचा हिशेब उघड लिहिलेला असतो. अस्सल पुतळ्यावरूनच साचा घेतला, तर त्यातून निघणारी प्रत मूळ पुतळ्याएवढी होत नाही. पॉलिएथिलीन, म्हणजे या पुतळ्यांचे प्लॅस्टिक, थंड होताना साधारण दोन टक्के आकसते आणि त्याची भरपाई म्हणून साचा थोडा मोठा करण्याची तसदी नक्कल करणारा घेतोच असे नाही. त्या प्रतीवरून पुन्हा साचा घेतला की सरदार आणखी खुजा होतो. कधी हा खुजेपणा मुद्दाम आणलेला असतो, कारण उंची दहा टक्क्यांनी कमी केली की लांबी, रुंदी आणि जाडी तिन्ही घटून प्लॅस्टिक सुमारे सत्तावीस टक्के कमी लागते, आणि हजारो पिशव्या भरायच्या असतील तर ही बचत लहान नसते. म्हणून मी व्हर्नियर कॅलिपर घेऊन प्रत्येकाची टाचेपासून खांद्यापर्यंतची उंची मोजतो. एकाच पवित्र्यातले तीन सरदार शेजारी उभे केले की आजोबा, मुलगा आणि नातू ओळखता येतात, फक्त इथे नातू कधीच मोठा होत नाही.

आकसण्यापेक्षाही बोलके असते ते गाळलेले तपशील. दोन भागांचा पोलादी साचा सरळ उघडायचा असेल, तर पुतळ्याला आत वळणारी खोबण परवडत नाही. म्हणून नकलेत ढाल छातीला चिकटते, तलवार म्यानाशी एकजीव होते आणि शिरस्त्राणाची उघडझाप करणारी जाळी नुसती कोरलेली रेघ बनते. काय ठेवायचे आणि काय सोडायचे, हे कुणीतरी साचेकाराने ठरवलेले असते. आजच्या पिशवीतल्या एका सरदाराचा कमरपट्टा पूर्ण गेला आहे, पण गुडघ्यावरची चिलखताची वाटी मात्र बारकाईने राखली आहे. त्या साचेकाराचे नाव कुठेही नोंदलेले नाही, पण त्याची आवडनिवड मला दिसते.

रंगाच्या बाबतीत सगळेच अडले होते. पॉलिएथिलीनच्या गुळगुळीत पृष्ठभागावर रंग धरत नाही, थोडे वाकवले की पोपडे निघतात. टिम्पो या दुसऱ्या इंग्रजी कंपनीने त्यावर फार हुशार तोड काढली होती. वेगवेगळ्या रंगांचे प्लॅस्टिक टप्प्याटप्प्याने एकमेकांवर ओतून तिने रंगाऱ्याची गरजच जवळजवळ संपवली. हाँगकाँगच्या पिशवीवाल्यांना हा खर्च झेपणारा नव्हता. त्यांनी रुपेरी आणि लाल रंगाचे दोन फटकारे मारून काम भागवले, आणि यॉर्कचा गुलाब पांढरा तर लँकेस्टरचा तांबडा, हा ज्या भेदावर युद्धाचे नाव बेतले आहे तोच भेद त्यात पुसला गेला. माझ्याकडे एका ढालीवर हिरवा गुलाब आहे.

‘मेड इन हाँगकाँग’ हा शिक्का म्हणजे चोरीचा पुरावा, असे संग्राहक सर्रास मानतात, पण ते खरे नाही. ब्रिटन्सने स्वतःच आपल्या ‘हेरल्ड’ या पुतळ्यांच्या मालिकेचे उत्पादन १९६६ मध्ये हाँगकाँगला हलवले होते. तेव्हा पुतळ्याच्या बैठकीखाली कंपनीचे नाव आहे की नुसते गावाचे, हे आधी पाहावे लागते. शिवाय खऱ्या चिलखतांचा इतिहास तरी कुठे निर्मळ आहे? पंधराव्या शतकात मिलानचे कारागीर परदेशी गिऱ्हाइकांसाठी जर्मन धाटणीची चिलखते बिनदिक्कत घडवत होते.

लहानपणी पुण्यात दिवाळीच्या किल्ल्यावर आम्ही मातीच्या मावळ्यांशेजारी प्लॅस्टिकचे बंदूकधारी सैनिक उभे करायचो आणि त्यात कुणाला विसंगती दिसत नसे. कदाचित त्यामुळेच आजच्या पिशवीतला निळा घोडा मला सर्वांत जास्त आवडला. त्याच्यावर लँकेस्टरचा स्वार बसवलेला आहे, पण खोगिराला पुढे दोर बांधायची मूठ आणि बाजूला रायफलची म्यान आहे, म्हणजे हा घोडा कुठल्यातरी काउबॉयच्या संचातून उचललेला आहे. त्याला सरदारांच्या फळीवर ठेवायचे की काउबॉयच्या, असा प्रश्न होता. मी सरदारांच्या फळीवर ठेवला, कारण स्वाराचे पाय त्या खोगिरात इतके घट्ट बसले आहेत की वेगळे करायला गेलो तर खुंटी तुटेल.