डोंबिवली ते गिरगाव, व्हाया १,१४० पानं

शनिवारी दुपारी गिरगावातल्या एका जुन्या संस्थेत जाऊन आलो. त्यांचा फोन नंबर बदललाय, आणि जुना नंबर वेबसाइटच्या कुठल्या पानांवर राहिलाय ते शोधायचं होतं. आजवर कार्यवाह काका रोज पन्नास पानं उघडून बघायचे आणि वहीत बरोबरची खूण करायचे. एकूण पानं १,१४०. खुणा संपेपर्यंत पहिली पानं कुणीतरी बदललेली असायची.

जाणाऱ्यांनी डोंबिवलीहून फास्ट घ्यावी, दादरला पूल ओलांडून पश्चिम रेल्वेची स्लो, आणि चर्नी रोडला उतरावं. तिथली फास्ट चर्नी रोडला थांबत नाही. ऑफिस तिसऱ्या मजल्यावर, जिना लाकडी, मोबाइलची रेंज फक्त खिडकीत. टेबल खिडकीकडे ओढून घ्या.

आधी साइटमॅप बघितला, म्हणजे वेबसाइटवरच्या पानांच्या पत्त्यांची यादी असलेली फाइल. अशा एका फाइलीत ५०,००० पत्ते मावतात, पण इथे होते ९८०च. बाकीची पानं जुन्या मेनूंमधून लिंक पकडत गेल्यावर सापडली. म्हणून दोन्ही याद्या काढा आणि ताडून बघा. मग पायथन या संगणकभाषेत लिहिलेली छोटी स्क्रिप्ट: पान आण, नंबर शोध, नोंद कर. दोन पानांमध्ये एक सेकंद थांबायला सांगितलं. संस्थेचा सर्व्हर गरीब आहे, त्याला धापा टाकायला लावू नये. सगळं मिळून वीसेक मिनिटं, म्हणजे एक चहा आणि काकांच्या गणेशोत्सवाच्या आठवणी.

निकाल आला: २१२ पानं. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "अरे, वार्षिकोत्सवाच्या पानावर आहे की! मी परवाच पाहिलाय. तुझ्या यादीत कुठे दिसत नाही?"

पान उघडलं. नंबर होता, पण देवनागरी आकड्यांत, मधे रेघ देऊन. मी शोधत होतो सलग इंग्रजी आकडे. कुठे ०२२ लावून, कुठे मधे जागा सोडून, कुठे अर्धे आकडे मराठी. मराठी साइट तपासणार असाल तर हे पहिल्यांदा करा: मजकुरातले देवनागरी आकडे इंग्रजी करून घ्या, आकड्यांमधल्या जागा आणि रेघा काढून टाका, मगच शोधा. दुसऱ्या फेरीत ३७१ पानं निघाली. काकांनी विजयी मुद्रेने वही मिटली.

दुसरा फटका तुटलेल्या लिंकांचा. पान मागितलं की सर्व्हर एक कोड देतो: २०० म्हणजे पान मिळालं, ४०४ म्हणजे सापडलं नाही. इथे सगळीकडे २००, म्हणजे सगळं आलबेल. प्रत्यक्षात कित्येक लिंकांवर "पान सापडले नाही" असं गोड शब्दांत लिहिलेलं, पण सर्व्हर ४०४ द्यायच्या ऐवजी २०० देत होता. इंडिकेटरवर फास्ट आणि फलाटावर स्लो, त्यातला प्रकार. नुसत्या कोडवर विसंबू नका, ते वाक्यही शोधायला लावा.

यादी एक्सेलमध्ये उघडली तर मराठी शीर्षकांची पार खिचडी. यादीची सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेला साधा मजकूर) 'यूटीएफ-८-सिग'मध्ये, म्हणजे एक्सेलला मराठी अक्षरं ओळखता येतील अशा सांकेतिक पद्धतीत, जतन केल्यावर ठीक झालं. आता ही स्क्रिप्ट दर रविवारी रात्री दोन वाजता आपोआप चालते.

राहता राहिल्या आमंत्रणपत्रिका. त्यांच्यावरचा नंबर चित्रात आहे, स्क्रिप्टला तो दिसत नाही. चित्रं असलेल्या पानांची वेगळी यादी छापून दिली. मी जिना उतरेपर्यंत काकांनी वही पुन्हा उघडली होती.