मिनिटाला दहा वेळा फिरणारी बॅट

१९८३चा गणेशोत्सव सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बसला. इंदूरच्या मराठी मंडळांना त्या वर्षी आराशीसाठी विषय शोधावा लागला नाही. २५ जूनला लॉर्ड्सवर क्रिकेट विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारताच्या १८३ धावा झाल्या, वेस्ट इंडीज १४० मध्ये आटोपली आणि कप आपल्याकडे आला. पण हे सगळं बहुतेक घरांनी ट्रान्झिस्टरला कान लावून ऐकलेलं होतं. रिचर्ड्सचा झेल कर्णधार कपिल देवनं मागे धावत जाऊन घेतला हे कळलं, पण तो धावला कसा, हात कुठे होते, ते कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हतं. त्याच स्पर्धेत टनब्रिज वेल्सला १७ धावांत ५ गडी गेल्यावर त्यानं केलेल्या नाबाद १७५चं तर चित्रीकरणच झालं नाही. ऐकलेली गोष्ट डोळ्यांना दाखवायची, हे काम तेव्हा मंडळाचं असे, म्हणून त्या वर्षीचा कपिल हलता हवा होता.

हलती आरास इंदूरला नवी नव्हती. मालवा, हुकुमचंद, राजकुमार, स्वदेशी, कल्याण या कापड मिलांच्या झाँक्या, म्हणजे चित्ररथ, अनंत चतुर्दशीला रात्रभर निघत आणि गल्लीतली मंडळं त्या बघूनच शिकत. मुख्य अडचण वेगाची. पाव हॉर्सपॉवरची मोटर मिनिटाला साधारण १४४० फेरे घेते, तिला बॅट थेट जोडली तर बॅटचा पंखा होतो. उपाय सायकलच्या दुकानात मिळे. मोटरच्या दांड्यावर २ इंची पुली, तिच्यावरून पट्टा २४ इंची रिमवर, टायर काढून. फेरे झाले १२०. त्या रिमच्या आसावर पुन्हा २ इंची पुली आणि तिथून दुसरी तेवढीच रिम, म्हणजे उरले १०. दुसऱ्या रिमवर मध्यापासून ३ इंचांवर खिळा ठोकायचा, त्यात लाकडी पट्टी अडकवायची आणि पट्टीचं दुसरं टोक कपिलच्या कोपराला. मिनिटाला दहा फटके, पाहणाऱ्याला पुरेसे सावकाश.

बिघाड पट्ट्यात होतो. सुती पट्टा सैल पडतो आणि पुलीवरून नुसता घसरत राहतो. त्यावर राळेची पूड चोळायची आणि मोटर ज्या फळीवर बसवली तिला लांबट भोकं ठेवायची, म्हणजे बोल्ट सैल करून मोटर अर्धा इंच मागे ओढता येते. दुसरी चूक हाताच्या वजनाची. प्लास्टरचा हात सुंदर दिसतो, पण वर जाताना मोटर कण्हते आणि खाली येताना झटका बसून दुसऱ्याच दिवशी कोपर तडकतं. हात बांबूच्या कामट्यांचा, वर कागदाचा लगदा, इतकाच हवा. बॅटही पुठ्ठ्याची.

चेहरा वर्तमानपत्रातल्या छायाचित्रावरून. छायाचित्रावर अर्ध्या इंचाच्या चौकटी आखायच्या, पुठ्ठ्यावर सहा इंचांच्या, आणि एकेक चौकट उतरवायची. पाच इंचांचा कपिल पाच फुटांचा होतो. मिश्या शेवटी. त्या जरा जरी खाली आल्या तरी माणूसच बदलतो. कप थर्माकोलचा, वर बेगड. बेगड खळीनं किंवा फेव्हिकॉलनं चिकटवायची. घाईत कुणी थिनर मिसळलेला तैलरंग फासला तर थर्माकोल डोळ्यांदेखत विरघळतं आणि रात्री अकरा वाजता नवा कप करायला बसावं लागतं.

बाकी दिवसांचा क्रम ठरलेला. श्लोक पाठांतर, रांगोळी, वेशभूषा, एकांकिका. वेशभूषेच्या दिवशी पंचा नेसून, गोल चष्मा लावून गांधीजी झालेली पोरं भरपूर, कारण एप्रिलमध्येच ‘गांधी’ चित्रपटाला आठ ऑस्कर मिळाले होते. त्यातलं वेशभूषेचं ऑस्कर कोल्हापूरच्या भानू अथैयांचं, भारतात आलेलं पहिलं. हा प्रश्न प्रश्नमंजुषेसाठी राखून ठेवण्यासारखा. तसाच दुसरा, खास इंदूरसाठी: विश्वविजेत्या संघाला बक्षीस देण्यासाठी दिल्लीत गाण्याचा कार्यक्रम कुणी केला? इंदूरच्याच शीख मोहल्ल्यात जन्मलेल्या लतादीदींनी. यावर हात वर जायला दोन सेकंदही लागत नाहीत, म्हणून तो पहिल्या फेरीत घालावा, मंडप जागा होतो. ३० ऑगस्टला अवकाशात गेलेल्या इन्सॅट-१बी उपग्रहाचा प्रश्न चौथ्या-पाचव्या फेरीला.

चार संघ, सहा फेऱ्या, २४ प्रश्न आणि बरोबरी झाली तर सहा राखीव, हा हिशेब बरोबर बसतो. घंटी वाजवून उत्तर द्यायची पद्धत टाळलेली बरी. आधी कुणाची वाजली यावर पालकच उठून उभे राहतात. प्रश्न ओळीनं विचारावेत, न आलेला पुढच्या संघाकडे जावा आणि प्रत्येक फेरी नव्या संघापासून सुरू करावी, नाहीतर एकाच संघाला शेजाऱ्याचे टाकलेले प्रश्न मिळत राहतात.

आणि भुट्ट्याचा कीस. गणपतीत भुट्टे कोवळे असतात आणि इंदूरच्या मंडळात शेवटच्या दिवशी कीस नसेल तर मोदक असूनही काहीतरी राहिल्यासारखं वाटतं. शंभर माणसांना शंभर भुट्टे. दाण्याला नख लावून पाहायचं: दूध आलं पाहिजे. पाणी आलं तर फार कोवळा, काही आलंच नाही तर निबर, कीस पिठूळ होणार. किसताना बुरकुंडापर्यंत जायचं नाही, नाहीतर चोथा येतो. साधारण दहा किलो कीस, पाच लिटर दूध, सव्वा किलो तूप, पाव किलो हिरवी मिरची. फोडणीत मोहरी, जिरं, भरपूर हिंग. मग कीस तुपात परतायचा, आणि इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. कच्चा वास जाऊन रंग पिवळाधमक होईपर्यंत, मोठ्या कढईत अर्धा तास तरी, उलथणं तळापासून फिरवत राहायचं. त्याआधी दूध ओतलं की त्याची लापशी होते, मग कितीही आटवा. दूध तीन-चार वेळा थोडं थोडं. लिंबू कढई उतरवल्यावरच, नाहीतर दूध फाटतं. वर खोबरं, कोथिंबीर आणि जीरावन मसाला. किसून ठेवलेला भुट्टा तासाभरात आंबू लागतो, म्हणून किसण्या सहा-सात हव्यात आणि किसणाऱ्या बायका-पुरुषांनी आरती झाल्यावर बसावं, दुपारी नाही.

चतुर्दशीच्या रात्री सगळे झाँक्या बघायला होळकरांच्या राजवाड्याकडे. तेव्हा राजवाडा आतपर्यंत शाबूत होता. पुढच्या वर्षीच्या दंगलीत त्याचा मोठा भाग जळाला. पुढच्याच वर्षी दूरदर्शनवर ‘हम लोग’ ही मालिकाही सुरू झाली. आरतीनंतर मंडपात थांबण्याऐवजी घरी पळण्याची घाई त्या सुमारास दिसू लागली.

विसर्जनानंतर मोटर ज्याची त्याला, रिमा सायकलवाल्याला परत. पुठ्ठ्याचा कपिल मंडळाच्या खोलीत उभा, हात खाली लोंबलेला. १ डिसेंबरला नेहरू स्टेडियमवर वेस्ट इंडीजविरुद्ध एकदिवसीय सामना झाला, इंदूरमधला पहिला. आपण आठ गड्यांनी हरलो. पण मंडपात दहा दिवस बॅट फिरवणारा माणूस त्या दिवशी खरोखर समोर मैदानात होता, आणि तो कसा धावतो ते इंदूरनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.