आस्त्राखान: व्होल्गाच्या मुखावरचा किल्ला आणि तटाबाहेरची पेठ

दक्षिण रशियातल्या आस्त्राखानला येणारे बरेच जण क्रेमलिन, म्हणजे इथला किल्ला, पाहून संध्याकाळी परततात. तेवढ्यात हे शहर निम्मंच कळतं. किल्ला उभा राहिला तो नदीमार्ग आणि त्यावरच्या व्यापाराच्या रक्षणासाठी, आणि त्या व्यापाराची पेठ पूर्वेकडच्या दरवाजाबाहेर आहे. मुलतानी-सिंधी हिंदू व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहिले. म्हणून दोन पूर्ण दिवस हाताशी ठेवा.

मॉस्कोच्या पावेलेत्स्की स्थानकावरून रेल्वेने एक दिवसाहून जास्त वेळ लागतो, विमानाने अडीच तासांच्या आसपास. मात्र ड्रोन हल्ल्यांमुळे दक्षिण रशियातले विमानतळ अचानक काही तास बंद होतात, म्हणून परतीच्या विमानाला लागूनच पुढचं आंतरराष्ट्रीय विमान घेऊ नका. इथलं घड्याळ मॉस्कोच्या एक तास पुढे आहे. रेल्वे तिकिटावर स्थानिक वेळ असते. मॉस्कोची समजून चाललात तर गाडी चुकेल. भारतीय बँकांची व्हिसा आणि मास्टरकार्ड चालत नाहीत. डॉलर किंवा युरोच्या कोऱ्या, न चुरगळलेल्या नोटा आणून बँकेत रूबल करून घ्या. मोबाइल इंटरनेट अधूनमधून बंद असतं, त्यामुळे नकाशा आधीच फोनमध्ये उतरवलेला हवा.

आता किल्ला. रशियाचा झार इव्हान चौथा याने १५५६ मध्ये इथली तातार खानत, म्हणजे खानाचं राज्य, जिंकली. खानाची राजधानी हाजी-तारखान व्होल्गाच्या उजव्या काठावर होती. रशियनांनी ती सोडून १५५८ मध्ये काही कोस खाली, डाव्या काठाच्या टेकाडावर नवा लाकडी कोट बांधला, कारण इथे चहूबाजूंनी पाणी आणि पाणथळ जमीन होती. १५६९ मध्ये तुर्की फौज याच कोटापुढून हात हलवत परतली. विटांचा तट नंतरचा, १५८० च्या दशकातला. त्रिभुज प्रदेशात दगड मिळत नाही. मग सुवर्ण टोळी या जुन्या मंगोल राज्याची उजाड राजधानी सराय उकलून तिथल्या विटा नदीमार्गे आणल्या.

तटाचा घेर दीड किलोमीटरच्या आसपास आहे आणि मूळच्या आठ बुरुजांपैकी सात शिल्लक आहेत. चर्या नीट पाहा: वरून दुभंगलेल्या, पाकोळीच्या शेपटीसारख्या, मॉस्कोच्या क्रेमलिनला आहेत तशाच. विसाव्या शतकात बरीच डागडुजी झाली, त्यामुळे दिसेल ती प्रत्येक वीट जुनी समजू नये. किल्ला बांधला तेव्हा व्होल्गा तटाच्या जवळून वाहायची, आता पात्र सरकलं आहे. वायव्येच्या लाल दरवाजापाशी उभं राहिलं की तोफांचा रोख धक्क्यावर का होता ते लगेच उमगतं.

आवारात प्रवेश मोफत, आतल्या प्रदर्शनांना तिकीट. सोमवारी बहुतेक संग्रहालयं बंद असतात. उस्पेन्स्की कॅथेड्रल (१६९९ ते १७१०) दुमजली आहे, म्हणून वरचं आणि खालचं अशी दोन्ही चर्च पाहावीत. ते बांधणारा दोरोफेय म्याकिशेव भूदास, म्हणजे जमीनदाराच्या मालकीचा कुळवाडी, होता. बायकांनी डोक्यावर रुमाल घ्यावा, पुरुषांनी टोपी काढावी. १६७० मध्ये कोसॅक बंडखोरांचा म्होरक्या स्तेन्का राझिन याने शहर घेतलं तेव्हा सुभेदार प्रोझोरोव्स्कीला उंचावरून खाली लोटण्यात आलं. हा तट बाहेरच्या शत्रूला पुरून उरला होता, पण या वेळी खुद्द शिबंदीतले आणि शहरातले लोकच बंडखोरांना मिळाले.

पूर्वेच्या प्रेचिस्तेन्स्की घंटाघराखालून बाहेर पडा, म्हणजे बेली गोरोद, जुनी पेठ. इराणी, आर्मेनियन, बुखारी आणि हिंदी व्यापाऱ्यांना इथे वेगवेगळे वाडे दिले होते. हिंदी वाडा १६२५ चा मानतात. कापड, इराणी रेशीम आणि मुख्य म्हणजे सावकारी हा त्यांचा धंदा. कित्येकांनी तातार बायकांशी संसार थाटला, त्यांची संतती अग्रिझान म्हणून ओळखली जाई. निसर्गशास्त्रज्ञ पालास १७९३ मध्ये इथे आला होता, त्याने या हिंदूंच्या पूजेचं तपशीलवार वर्णन केलं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही वस्ती जवळपास संपली. व्होलोदार्स्की रस्त्यावर ‘इंदीस्कोये पोद्वोर्ये’ (हिंदी वाडा) म्हणून दाखवतात ती इमारत सतराव्या शतकातली नव्हे, आणि देऊळही उरलेलं नाही. तरी तिथे जाच. २०२२ मध्ये याच आस्त्राखानमार्गे, कास्पियन ओलांडून आणि इराणातून, न्हावा शेवाला कंटेनर रवाना झाले. म्हणजे हा रस्ता अजून चालू आहे.

शाकाहारींनी मासळीच्या या गावात ‘पोस्तनोये’ असा शब्द वापरून विचारावं. उपासाच्या या जेवणात मांस, अंडी, दूध नसतं. मात्र काही उपासांत मासे चालतात, तेव्हा ‘बेझ रीबी’, म्हणजे मासे नकोत, हेही सांगा. ऑगस्ट-सप्टेंबरात कलिंगडं उत्तम मिळतात.

मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत जाऊ नका: ‘मोश्का’ नावाची चिलटं नाकाडोळ्यांत शिरतात, साध्या मलमांना दाद देत नाहीत. जुलैत पारा अनेकदा पस्तिशीच्या वर जातो. सप्टेंबर सर्वांत बरा. त्रिभुज प्रदेशातली कमळं जुलैअखेर ते ऑगस्टमध्ये फुलतात, पण समुद्राकडचा भाग सीमाक्षेत्र आहे आणि परदेशी नागरिकांना तिथे परवाना लागतो. तो आयत्या वेळी मिळत नाही. नौकासफर ठरवणाऱ्याला पासपोर्टची प्रत काही आठवडे आधी पाठवा, आणि परवाना हातात पडेपर्यंत आगाऊ पैसे भरू नका.