तीन सूत

लहानपणी आमच्याकडे फर्निचर करायला येणारे सुतारकाका इंचापेक्षा लहान माप सुतात सांगायचे. एका इंचात आठ सूत. 'ताई, दोन सूत जास्त झालं' म्हणत रंधा मारायचे. तो शब्द मला पुन्हा आठवला तो शिकागोजवळच्या आमच्या तळघरात, तेही तेरा ओकच्या फळ्या विकत आणून झाल्यावर.

इथे बहुतेक घरांना तळघर असतं. आमच्या तळघरात कोबा, धुलाई मशीन आणि खाली उतरायला पाइनच्या कच्च्या फळ्यांचा जिना. उन्हाळ्यात आई-बाबा येणार, खाली एक खोली करू असं ठरलं. मजुरीचे दर ऐकून नवऱ्याने आणि मी ठरवलं, जिना आपणच करायचा. व्हिडिओत सोपं दिसतं: जुन्या फळीवर पाऊण इंचाची नवी ओकची फळी चिकटवा, झालं.

बाबांना फोनवर सांगितलं तर पहिला प्रश्न, "सागवान नाही मिळत का गं तिकडे?" मिळतं, पण परवडत नाही. आणि जिन्याला ओकच बरा. लाकडाचा कठीणपणा मोजायला पोलादी गोळी अर्धी आत जाईपर्यंत दाबतात, त्याला जांका चाचणी म्हणतात. त्यात रेड ओकला साधारण १२९० पौंड जोर लागतो, सागवानाला हजाराच्या थोडा वर. सागाची खरी मिजास तेलामुळे, पाणी आणि वाळवीसमोर. बाबांना हे पटलेलं नाही.

फळ्या आल्या. लगेच ठोकायच्या नाहीत, आठवडाभर तळघरातच ठेवायच्या, म्हणजे तिथल्या हवेला सरावतात. हिवाळ्यात हीटरमुळे घरातली हवा पापडासारखी कोरडी होते आणि लाकूड आकसतं. त्या आठवड्यात शेजारचे पोलिश आजोबा डोकावले. शिकागोत पोलिश वस्ती मोठी, आणि हे आजोबा आयुष्यभर सुतारकाम केलेले. फळ्यांकडे बघून त्यांनी फक्त टेप मागितली.

प्रत्येक पायरीची उंची साडेसात इंच. सगळ्या पायऱ्यांवर पाऊण इंच चढवला तर मधल्यांची उंची बदलत नाही, कारण खालचीही तेवढीच वर येते. पण पहिल्या पायरीखाली कोबा आहे, तो वर येत नाही. ती सव्वाआठ होते. आणि शेवटची पायरी संपते वरच्या मजल्याच्या जमिनीत, तीही हलत नाही. ती उरते पावणेसात. फरक दीड इंच, म्हणजे बारा सूत! कोब्यावर आम्ही पाच मिलिमीटरचं व्हिनाइल, म्हणजे प्लास्टिकचं फ्लोअरिंग, टाकणार होतो, ते दीड सूत वजा केलं तरी साडेदहा. इथल्या घरबांधणीच्या नियमांनुसार एका जिन्यातल्या सगळ्यात उंच आणि सगळ्यात ठेंगण्या पायरीत जास्तीत जास्त तीन अष्टमांश इंच फरक चालतो.

तीन सूत!

आजोबा म्हणाले, माणूस पायऱ्या डोळ्यांनी चढत नाही. खरंच आहे. दोन पायऱ्यांत पाय उंची शिकतो आणि मग तोच अंदाज शेवटपर्यंत चालवतो. आजोळी माळ्यावर आई अंधारात भराभर चढायची ती त्याच जोरावर.

फळ्या परत केल्या. दुकानाने पंधरा टक्के कापले, त्याबद्दल न बोललेलं बरं. जुन्या पाइनच्या फळ्या एक इंच जाडीच्या होत्या, म्हणून तेवढ्याच जाडीच्या ओकच्या आणल्या. जुनी काढायची, तिच्याच जागी नवी. वर काहीच फरक नाही, खाली पहिली पायरी व्हिनाइलमुळे दीड सूत ठेंगणी. नियमात बसलं.

काम मात्र वाढलं. जुने खिळे जिन्याखालून ठोकून काढताना घरभर किंचाळी. प्रत्येक पायरीची रुंदी वेगळी, कोपरे काटकोनात नाहीतच, त्यामुळे आजोबांच्या लाकडी साच्याने एकेक पायरीचं माप घेऊन एकेक फळी कापायची. ओकला आधी गिरमिटाने भोक पाडायचं, नाहीतर स्क्रू फिरवताच चीर जाते. गोंदाला सुकायला दिवस लागतो, म्हणून एकाआड एक फळी बदलली. तीन दिवस धुणं घेऊन आम्ही बेडकासारखे उड्या मारत होतो.

पॉलिश केल्यावर जिना इतका गुळगुळीत झाला की आई पायमोजे घालून उतरणार या कल्पनेनेच घाम फुटला. प्रत्येक पायरीच्या कडेला खरखरीत पट्टी चिकटवली. शोभा गेली, जाऊ दे.

जुन्या फळ्यांपैकी एकीचा नवऱ्याने पाट केला. एक कड गोल, जिन्याची होती तशीच. आई आल्यापासून त्यावर बसून पोळ्या लाटते आणि रोज विचारते, "ही गोल बाजू पुढे घ्यायची की मागे?"