अपडेटने ‘मारलेला’ स्विच

पीस दुरुस्तीच्या टेबलावर आला तो ‘कंपनीने अपडेट टाकून मारला’ या तक्रारीसकट. २०२३ च्या पावसाळ्यातली केस. पहिल्या पिढीचा निन्टेन्डो स्विच हा गेम कन्सोल, मॉडेल एचएसी-००१, सेकंडहँड घेतलेला. मुलीसाठी नवीन गेम आणला, कार्ट्रिज आत घातलं, त्याने सिस्टिम अपडेट मागितलं, यांनी ‘ओके’ दाबलं. पीस रीस्टार्ट झाला, काळ्या पडद्यावर क्षणभर इंग्रजी ओळी दिसल्या. घाबरून पॉवर बटण दाबून धरलं आणि त्यानंतर काहीच नाही. चार्जरला लावला तरी बॅटरीचं चिन्ह येईना. आधीच्या एका दुकानात ‘ईएमएमसी (साठवणीची चिप) उडालीय, बोर्ड बदला’ असं सांगून झालं होतं.

माझं लक्ष त्या इंग्रजी ओळींकडे गेलं. कारखान्यातून आलेला स्विच चालू होताना लोगो दाखवतो, अक्षरांच्या ओळी दाखवत नाही. तशा ओळी दिसल्या, म्हणजे आत पीस सुरू करणारं (बूट) सॉफ्टवेअर कुणाचं तरी दुसरंच बसलेलं होतं. घेणाऱ्याला त्याचा पत्ता नव्हता. विकणाऱ्याने ‘गेम भरून देतो’ एवढंच सांगितलं होतं.

उघडण्याआधी यूएसबी मीटर लावला. ५ व्होल्टवर, अर्ध्या अ‍ॅम्पियरच्या आतच अडकलेला. धडधाकट स्विच मूळ अडॅप्टरवर १५ व्होल्टपर्यंत जातो. पण या आकड्यावरून लगेच निकाल देऊ नये. चार्जिंगची बोलणी करणारी एम९२टी३६ ही चिप गेली तरी पीस ५ व्होल्टवरच अडकतो, आणि बॅटरी तळाला गेली असली तरीही तेच दिसतं. चिप बदलायला बसण्याआधी केबल काढून संगणकाला लावावी. लावली, आणि डिव्हाइसच्या यादीत ‘एपीएक्स’ हे नाव आलं. विक्रेता क्रमांक ०९५५, उपकरण क्रमांक ७३२१.

याचा अर्थ प्रोसेसर जिवंत आहे आणि रिकव्हरी मोडमध्ये, म्हणजे आरसीएममध्ये, वाट बघत बसला आहे. मेलेला पीस संगणकाला स्वतःचं नाव सांगत नाही.

तो आपोआप तिथे का गेला? पहिल्या पिढीच्या टेग्रा एक्स१ चिपमधल्या बूट रॉममध्ये, म्हणजे पीस सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या कोडमध्ये, सुरक्षेचं एक भोक होतं, ते एप्रिल २०१८ मध्ये जाहीर झालं. बूट रॉम सिलिकॉनमध्येच कोरलेला असतो, त्यामुळे विकल्या गेलेल्या पीसमधलं भोक कुठल्याही अपडेटने बुजत नाही. ते कारखान्यातच, नवीन पीसमध्ये बुजवता आलं. या भोकातून मॉड, म्हणजे कंपनीबाहेरचं सॉफ्टवेअर, चालवायला जुन्या पीसवाल्यांना मात्र दर वेळी उजव्या जॉयकॉनच्या (बाजूच्या कंट्रोलरच्या) पट्टीत पिन शॉर्ट करून आरसीएममध्ये जावं लागायचं. हा व्याप टाळायला ‘ऑटो-आरसीएम’ करतात: बूट० या साठ्यातल्या विभागाच्या सुरुवातीच्या तक्त्यातले काही बाइट मुद्दाम बिघडवायचे. बूट रॉमला तक्ता चुकीचा दिसतो आणि तो थेट आरसीएममध्ये पडतो. मग छोटं डोंगल लावून पेलोड, म्हणजे छोटा प्रोग्राम, पाठवला की मॉड चालू. डोंगल नसेल तर काळा पडदा. हा पीस विकताना डोंगल विकणाऱ्याकडेच राहिलं. महिनोन्महिने काही बिघडलं नाही, कारण घरी स्विच कुणी पूर्ण बंद करत नाही, झोपवून ठेवतात.

अपडेटच्या दिवशी ही साखळी तुटली. स्विचच्या कार्ट्रिजमध्ये गेमसोबत सिस्टिम अपडेटही असतं, त्याला इंटरनेट लागत नाही. फर्मवेअर, म्हणजे पीसचं मूळ सॉफ्टवेअर, १३.१.० वरून १६.०.३ वर गेलं. एसडी कार्डावरचं अ‍ॅटमॉस्फिअर हे मॉडचं सॉफ्टवेअर मात्र जुनंच होतं आणि त्याला नवीन फर्मवेअरचा ‘पॅकेज१’ हा सुरुवातीचा भाग ओळखता आला नाही. त्या इंग्रजी ओळी याच अर्थाच्या. नंतर बटण दाबून धरल्यावर पीस बंद झाला, पुन्हा चालू केल्यावर आरसीएममध्ये पडला आणि तिथेच राहिला. पडदा काळा असला तरी प्रोसेसर चालू असतो, त्यामुळे ४३१० एमएएचची बॅटरी दिसत नसताना रिकामी होत गेली. चार्जर लावला की स्विच उठतो, उठला की परत आरसीएममध्ये, आणि तिथे चार्जिंग मुंगीच्या पावलांनी. ‘चार्जही होत नाही’ ही तक्रार इथून आली.

म्हणून आधी दोन-अडीच तास नुसता चार्जरवर. मधल्या काळात गिऱ्हाइकाने विचारलं, “दादा, पण असं मारायचा त्यांना अधिकार तरी आहे का?” या केसमध्ये कंपनीने काही मारलेलं नव्हतंच. तरी प्रश्न खोटा नाही.

लोक तीन वेगळ्या गोष्टी ‘बॅन’ या एकाच शब्दात कोंबतात. सर्व्हरवर तुमच्या पीसला प्रवेश नाकारणं ही एक. नोव्हेंबर २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने मॉड केलेले एक्सबॉक्स ३६० ऑनलाइन सेवेतून बाहेर काढले, ती याच जातीची. सर्व्हर त्यांचा, दारात कुणाला घ्यायचं ते त्यांनी ठरवावं. मला यात फारसा वाद दिसत नाही. दुसरी, विकलेल्या यंत्रातली सोय अपडेटने काढून घेणं. सोनीने १ एप्रिल २०१० च्या ३.२१ अपडेटने प्लेस्टेशन ३ मधली दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची सोय काढली. अपडेट न घेतल्यास ऑनलाइन खेळ बंद, घेतल्यास लिनक्स बंद. हा खटला अमेरिकेत वर्षानुवर्षं चालला आणि शेवटी तडजोडीने मिटला. तिसरी गोष्ट, यंत्रच निकामी करणं, जिला ‘ब्रिक’ म्हणतात. सप्टेंबर २००९ मधलं निन्टेन्डोच्या ‘वी’ कन्सोलचं ४.२ अपडेट या रेषेला घासून गेलं. मॉड घालवण्यासाठी ते बूट२ हा सुरुवातीचा भाग पुन्हा लिहीत होतं आणि त्यात काही पीस कायमचे गेले, मॉडला हातही न लावलेलेसुद्धा. बूटचा भाग पुन्हा लिहिणं हे कुठल्याही अपडेटमधलं सगळ्यात धोक्याचं काम, कारण मधेच बिघडलं तर दुरुस्त करायला आत शिरायचा रस्ताच उरत नाही. माझा आक्षेप इथे आहे: शिक्षा म्हणून सोडलेलं अपडेट दोषी आणि निर्दोष पीस ओळखू शकतंच असं नाही.

करारात मात्र हे लिहिलेलं असतं. २०११ मध्ये ३डीएस या कन्सोलच्या अटींवरून अमेरिकेत फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने निन्टेन्डोला पुठ्ठ्याच्या विटा पाठवायची मोहीम काढली होती. मे २०२५ मध्ये अमेरिकेतल्या करारात निन्टेन्डोने स्पष्टच घातलं की अटी मोडल्यास उपकरण पूर्णतः किंवा अंशतः कायमचं निरुपयोगी करता येईल. प्रत्यक्षात त्या जूनमध्ये फ्लॅश कार्ट्रिज (गेमच्या प्रती भरायचं कार्ट्रिज) वापरलेल्या स्विच २ ला २१२४-४५०८ हा कोड आला. म्हणजे ऑनलाइन दार बंद, यंत्र मात्र चालू.

कायदा देशागणिक बदलतो. ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने २००५ मध्ये प्लेस्टेशनची मॉडचिप ‘तांत्रिक कुलूप मोडणारं साधन’ या तेव्हाच्या व्याख्येत बसत नाही असं ठरवलं, मग तिथे कायदाच बदलला गेला. युरोपीय न्यायालयाने जानेवारी २०१४ मध्ये, निन्टेन्डो आणि पीसी बॉक्स यांच्या खटल्यात, कॉपी रोखणारं तांत्रिक कुलूप प्रमाणात असलं पाहिजे असं सांगितलं. अमेरिकेत २०२१ पासून कन्सोलचं कुलूप दुरुस्तीसाठी उघडायला सूट आहे, पण फक्त ऑप्टिकल (डिस्क वाचणाऱ्या) ड्राइव्हपुरती आणि काम झाल्यावर कुलूप परत लावायच्या अटीवर. आपल्याकडे कॉपीराइट कायद्याचं कलम ६५अ, २०१२ च्या दुरुस्तीतलं: हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक कुलूप मोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. यात ‘हेतू’ हा शब्द वजनाचा आहे. उलट बाजूने, मालकाच्या परवानगीशिवाय संगणकाचं नुकसान केलं तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ भरपाई सांगतं. कंपनी म्हणणार, परवानगी तुम्ही ‘मान्य’ दाबून दिलीत. मग ती अट अन्याय्य करारात मोडते का, हे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली राज्य आयोगाकडे विचारता येतं. पण स्विचचे पीस आपल्याकडे बहुतेक बाहेरूनच येतात. सेकंडहँड घेणाऱ्याने दाद मागायची तरी कुणाविरुद्ध?

चार्जिंग पुरेसं झाल्यावर हेकाटे या बूट मेनूचा पेलोड पाठवला. मेनू आला, म्हणजे पडदा ठीक, रॅम ठीक. पहिलं काम फ्यूज मोजणं. चिपमध्ये जुन्या फर्मवेअरकडे परत जाऊ नये म्हणून ३२ फ्यूज असतात आणि मोठ्या अपडेटगणिक एखादा जाळला जातो. जळालेले आवश्यकतेपेक्षा कमी असले तर मूळ बूटलोडर उरलेले जाळून पुढे जातो. जास्त असले तर तो तिथेच थांबतो, पडदा काळा. इथे १५ जळालेले होते आणि १६.०.३ ला १८ लागतात. म्हणजे पुढचा रस्ता मोकळा, मागचा तीन फ्यूज जळाल्यावर बंद. हे गिऱ्हाइकाला आधी सांगावं लागतं, कारण जळालेला फ्यूज कुणीच परत जोडून देत नाही. त्यांना मॉड नकोच होता.

मग बॅकअप: बूट०, बूट१ प्रत्येकी ४ एमबी, आणि मुख्य साठा २९.१ जीबी. ६४ जीबीचं कार्ड घ्यावं. एफएटी३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, त्यामुळे बॅकअप तुकड्यांत पडतो. एकही तुकडा हरवू देऊ नये. पडताळणी बंद करून वेळ वाचवू नये. या साठ्यातल्या प्रॉडइन्फो विभागात त्या एका पीसचं ओळखीचं प्रमाणपत्र आणि कॅलिब्रेशन असतं, आणि ते त्याच चिपच्या किल्ल्यांशी बांधलेलं असतं. आधीच्या दुकानाने ईएमएमसी बदलून जुनी फेकली असती, तर खरा ब्रिक तिथे झाला असता.

बॅकअप सुखरूप संगणकावर गेल्यावर ऑटो-आरसीएम बंद केलं, एसडी कार्ड काढलं, मूळ बूट दिलं. लोगो आला. तीन फ्यूज त्याच वेळी गेले. सेव्ह जागच्या जागी होते, कार्ट्रिज चाललं.

वाय-फाय जोडून ईशॉप, म्हणजे निन्टेन्डोचं ऑनलाइन दुकान, उघडलं तेव्हा २१२४-४००७ हा कोड. हा पीस कधीतरी आधीच, पहिल्या मालकाच्या करणीने, ऑनलाइन सेवेतून बाहेर गेला होता. मुलगी कार्ट्रिजवरच खेळायची, म्हणून कळलंच नव्हतं. ही नोंद सर्व्हरवर प्रमाणपत्राशी जोडलेली असते. पीस फॉरमॅट करून, फर्मवेअर बदलून ती जात नाही. ‘दुसऱ्या पीसचं प्रमाणपत्र टाकून देतो’ म्हणणारे भेटतात, त्यांच्या नादी लागू नये: ती चोरीच आहे, आणि त्यात दोन्ही पीस जातात. पैसे मोजण्याआधी विकणाऱ्यासमोर वाय-फाय लावून ईशॉप उघडून बघायला दोन मिनिटं लागतात. सोबत पीस पूर्ण बंद करून पुन्हा चालू करून बघावा, नुसता झोपेतून उठवून नाही.

जॉब कार्डावर लिहिलं: मूळ फर्मवेअर १६.०.३, फ्यूज १८, ऑनलाइन बंद, कार्ट्रिज चालू. द्यायच्या आधी पीस तीनदा पूर्ण बंद करून चालू केला. तिन्ही वेळा लोगो आला.