पुलाची तुळई: सफोकमधल्या खंदकात

खंदकाच्या तळाशी सापडलेल्या खापरावरून खंदक कधी खणला हे ठरत नाही. वापरातला खंदक मालक अधूनमधून उपसून घेत आणि गाळ शेतात टाकत. तळाशी उरतो तो शेवटच्या उपशानंतरचा गाळ. तेराव्या शतकातल्या खंदकाच्या सगळ्यात खालच्या थरात सोळाव्या शतकातली खापरं निघाली, तर त्यात नवल नाही. म्हणून इंग्लंडच्या सफोक परगण्यातल्या एका जुन्या वाड्याच्या जागी उत्खनन करताना, लाकडावरून काळ सांगू शकणारी पुलाची तुळई जागच्या जागी मिळाली, तो दिवस आम्हा सगळ्यांसाठी फार मोलाचा ठरला.

इंग्लंडमध्ये खंदकाने वेढलेल्या वाड्यांच्या हजारो जागा आहेत, बहुतेक १२५० ते १३५० या काळातल्या. आपल्याला खंदक म्हटलं की परांडा, औसा असे भुईकोट आठवतात. इथला खंदक बराच लहान असतो, खोली साधारण दोन-तीन मीटर. वेढा सोसण्याचा विचार त्यात फारसा नसतो. जमीनदाराचा रुबाब, मासे, आतल्या जागेचा निचरा आणि चोरांना आडकाठी, यासाठी तो खणलेला असतो. सफोक-एसेक्सची चिकणमाती पाणी धरून ठेवते, अस्तर लागत नाही. तिथे या जागा दाट असण्याचं ते एक कारण.

आत जायला आज मातीचा बांध दिसला, तरी मूळ वाट लाकडी पुलाची असू शकते. नंतरच्या काळात पूल मोडला की तिथेच भराव घालत. म्हणून आम्ही चर बांधाला लागून घेतला. वरची भर पोकलेनने काढली. दात नसलेली बकेट, एका वेळी दहा सेंटिमीटर, आणि समोर सतत एक माणूस उभा. साधारण सव्वा मीटर खोलीवर पायरी सोडली. ओल्या चिकणमातीची उभी भिंत सुकली की तिला भेग पडते, भेगेत पाणी शिरतं आणि अख्खा पापुद्रा खाली येतो. अशा भिंतीखाली कुणालाही वाकू देऊ नये. पंपाची नळी थेट चिखलात टाकली तर ती तुंबते. कोपऱ्यात खड्डा करून भोकं पाडलेली बादली बसवायची, भोवती खडी भरायची आणि नळी बादलीत सोडायची.

काळ्या, कुजट वासाच्या थराखाली मूळ मातीत एक सरळ रेघ दिसली. तळात मुद्दाम खणलेली उथळ चारी होती, तीत ओकची चौरस तुळई बसवून बाजूने चिकणमाती ठोकून भरली होती. तुळईच्या वरच्या अंगावर फावड्याचे तिरपे घाव होते. गाळ उपसणारे तिच्यावरून फावडी घासत गेले, पण ती तळाच्या पातळीखाली होती म्हणून वाचली. एका खाचेत खांबाचं कुसू, म्हणजे खाचेत बसणारं तासलेलं टोक, मोडून अडकलेलं होतं, लाकडी खुंटीसकट. ओक उघडला तेव्हा मधाच्या रंगाचा होता, बघता बघता काळवंडला. शेजारच्या गाळातले पांढुरके ठिपके हवा लागताच निळे झाले. तो व्हिव्हियनाइट, म्हणजे लोहाचा फॉस्फेट. ऑक्सिजनविना राहिलेल्या थराची ती चांगली खूण.

पहिले फोटो घाईने घ्यावेच लागतात. मग ओला स्पंज, वर काळं प्लास्टिक, आणि ज्या भागाचं चित्र चालू असेल तेवढाच उघडा. चित्र १:१० प्रमाणात, तुळईच्या प्रत्येक अंगाचं. तासणीच्या खुणा, सुताराच्या खुणा, खुंट्यांची भोकं, सगळं त्यात यायला हवं. कशाशीही न जुळणारी खाच दिसली तर लाकूड दुसरीकडून आणून वापरलेलं असण्याची शक्यता असते, आणि मग त्याचं वय पुलाचं धरता येत नाही. आमच्या तुळईवर तशी एकही खाच नव्हती.

वृक्षवलयांच्या कालमापनासाठी, म्हणजे लाकडातल्या वर्षागणिक पडणाऱ्या वलयांवरून काळ काढण्यासाठी, निदान पन्नासेक वलयं हवीत. चकती पाच ते दहा सेंटिमीटर जाड, चेनसॉने कापलेली, खाचा टाळून आणि शक्यतो साल शिल्लक असेल तिथून. साल असली तर झाड तोडल्याचं नेमकं वर्ष, कधी ऋतूसुद्धा मिळतो. साल गेली आणि बाहेरचं कोवळं लाकूड थोडंच उरलं, तर काही दशकांचा पल्ला सांगण्यावर भागवावं लागतं, कारण इंग्लिश ओकमध्ये त्या कोवळ्या लाकडाची वलयं साधारण दहापासून पंचेचाळीसपर्यंत असू शकतात. तुळईच्या एका कडेला तळहाताएवढी साल टिकली होती! ओक त्या काळी बहुधा ओलाच वापरत, त्यामुळे तोडणी आणि बांधणी यांत फार अंतर पडत नाही.

उचलताना दोन टोकांना दोर बांधण्याचा मोह टाळावा. पाण्यात राहिलेल्या ओकचा बाहेरचा थर साबणासारखा मऊ असतो, आणि आतला गाभा टणक लागला तरी तुळई स्वतःच्या वजनाने मधेच मोडते. आम्ही खालची माती तुकड्यातुकड्याने काढत फळ्या सरकवल्या, मग रुंद पट्ट्यांनी फळ्यांसकट उचललं.

त्याच थरातून बिया आणि भुंगेऱ्यांचे अवशेष पाहण्यासाठी वीस लिटर गाळ हवाबंद डब्यांत भरून थंड, अंधाऱ्या जागी ठेवला. आता वाड्याच्या चौथऱ्यात एक छोटा चर घ्यायचा आहे. खंदकाची माती टाकून चौथरा उंच केला, तेव्हा खालची जुनी जमीन दबून गेली. तिच्यातली सर्वांत उशिराची खापरं खंदकाच्या खोदकामाआधीची असणार. तुळईच्या वर्षाशी ती पडताळून पाहता येतील.